फळी, चाके आणि मोकळी जागा : स्केटबोर्डचा इतिहास

क्रिकेट, हॉकी किंवा टेनिस ह्या खेळांचा इतिहास लिहावयाचा झाल्यास अभ्यासकाला नियमपुस्तिकांचा, क्रीडामंडळांच्या इतिवृत्तांचा आणि सामन्यांच्या नोंदींचा आधार मिळतो. कोणत्या साली कोणत्या क्लबाने कोणता नियम केला, हे बोट ठेवून दाखविता येते. स्केटबोर्डच्या बाबतीत ही सोय नाही. ह्या खेळाचा जनक म्हणून एका माणसाकडे बोट दाखविता येत नाही. कित्येक दशके त्याला सर्वमान्य नियम नव्हते, पंच नव्हते, आणि हक्काचे मैदान तर मुळीच नव्हते. असे असूनही टोकियो येथे २०२१ मध्ये भरलेल्या ऑलिंपिकमध्ये त्याचा समावेश झाला आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलींनी तेथे पदके जिंकली.

हा प्रवास नुसता गमतीचा नाही, विचार करण्यासारखाही आहे. ह्या खेळाला तीन-चार वेळा मरणकळा आली. प्रत्येक वेळी लोकांनी ‘ही पोरांची लहर होती, संपली’ असे म्हटले, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या कोणीतरी टाकून दिलेल्या, ओस पडलेल्या किंवा निराळ्याच कामासाठी केलेल्या वस्तूतून त्याला नवे रूप मिळाले. किंबहुना, ज्या ज्या जागेतून खेळाडूंना हाकलले गेले, त्या त्या जागेची खूण आज ह्या खेळाच्या अंगावर उमटलेली आहे. ती खूण कोणती, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

साधनाची ओळख

प्रथम साधन पाहू. आपल्याकडील मुले जुन्या बेअरिंगांची चाके करून एक फळकुटाची गाडी बनवितात आणि ती उतारावरून सोडून देतात. स्केटबोर्ड हा दिसायला त्याच कुळातला. सुमारे ८० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद अशी फळी, तिच्याखाली दोन आस आणि प्रत्येक आसाला दोन, अशी एकूण चार चाके. आजची फळी बहुधा मेपल लाकडाचे सात पातळ थर एकमेकांवर चिकटवून, दाबून तयार करतात. तिची दोन्ही टोके किंचित वर वळलेली असतात आणि वरच्या बाजूस पाय घसरू नये म्हणून पॉलिशपेपरसारखा खरखरीत कागद चिकटविलेला असतो.

बेअरिंगच्या गाडीत आणि ह्यात मुख्य फरक आहे तो वळण्याचा. चाकांचा आस आणि फळी ह्यांच्यामध्ये धातूचा जो सांगाडा असतो त्याला खेळाडू ‘ट्रक’ म्हणतात. मालवाहू मोटारीशी त्याचा संबंध नाही. ह्या सांगाड्यात एक तिरपा खिळा असतो आणि त्याच्या भोवती रबरासारख्या लवचिक पदार्थाचे दोन बुश बसविलेले असतात. खेळाडूने शरीराचा भार एका बाजूस टाकला की फळी त्या बाजूस कलते, बुश दबतात आणि पुढचा आस त्या दिशेने, तर मागचा आस उलट दिशेने वळतो. परिणामी सबंध फळी कमानीसारखा मार्ग काढते. म्हणजे हातात सुकाणू नाही, पायाखाली पेडल नाही. शरीराचा तोल हेच सुकाणू.

ही युक्ती स्केटबोर्डवाल्यांची नव्हे. न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टन ह्याने १८६३ मध्ये चार चाकांच्या पायस्केटचे पेटंट घेतले, त्यात भार कलवून वळण्याचे हे तत्त्व होते. तेव्हा खेळाचे सर्वांत कळीचे अंग हे दुसऱ्या एका खेळाकडून उसने आणलेले आहे. पुढेही असेच घडत गेल्याचे दिसून येईल.

उगम : लाटा नसलेले दिवस

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या कॅलिफोर्निया किनाऱ्यावर सर्फिंगचा, म्हणजे समुद्राच्या लाटेवर फळीवर उभे राहून सरकण्याचा छंद झपाट्याने पसरला. हा मूळचा हवाई बेटांवरील लोकांचा खेळ. त्याची एक अडचण अशी की लाटा माणसाच्या सोयीने येत नाहीत. समुद्र शांत असला की दिवस फुकट जातो. त्याच सुमारास अमेरिकेतील मुले जुने पायस्केट मधोमध तोडून त्यांची चाके लाकडी पट्टीखाली ठोकीत आणि वर फळांचे खोके उभे करून त्याला हात धरून घरंगळत जात. खोके निखळून पडले, की उरली फळी. १९५० च्या दशकात सर्फिंग करणाऱ्या तरुणांनी ही बिनखोक्याची फळी हाती घेतली आणि लाटेवर जशी वळणे घेतात तशी ती उताराच्या रस्त्यावर घेऊ लागले. स्केटबोर्डचा जन्म झाला तो असा. तारीख, वार, गाव ह्यांविना.

१९५९ च्या सुमारास कारखान्यात बनलेल्या फळ्या दुकानांत येऊ लागल्या. आरंभीची चाके लोखंडी होती. त्यांचा खडखडाट आणि हादरे असे की दातांवर दात आपटावेत. पुढे मातीसारखा पदार्थ इतर द्रव्यांत मिसळून केलेली चाके आली. ती थोडी सुखकर होती. १९६३ मध्ये लॅरी स्टीव्हन्सन ह्याच्या ‘मकाहा’ कंपनीने सर्फिंगच्या फळीच्या घाटाचे स्केटबोर्ड काढले आणि त्याच वर्षी हर्मोसा बीच येथील एका शाळेत पहिली स्पर्धा भरली. १९६४ मध्ये ह्या खेळाला वाहिलेले त्रैमासिक निघाले. १४ मे १९६५ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर पॅटी मॅगी ही तरुणी फळीवर उलटी, हातांवर उभी राहिलेली झळकली. तिची गणना पहिली व्यावसायिक महिला स्केटबोर्डपटू म्हणून होते.

कीर्तीचा हा कळस म्हणजेच पहिल्या उताराचा आरंभ ठरला. मातीची ती चाके गुळगुळीत वर्गखोलीत ठीक. रस्त्यावर त्यांची पकड सुटे. वाटेत वाटाण्याएवढा खडा आला तरी चाक जागच्या जागी थांबे आणि वरचा मुलगा मात्र पुढे फेकला जाई. हात मोडल्याच्या, डोके फुटल्याच्या बातम्या येऊ लागल्या. डॉक्टरांनी इशारे दिले, अनेक नगरपालिकांनी रस्त्यांवर बंदी घातली आणि दुकानदारांनी मागण्या रद्द केल्या. ते त्रैमासिक चार अंकांनंतर बंद पडले. १९६५ संपता संपता हा व्यवसाय कोसळला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. धंदा संपला म्हणजे खेळ संपला असे नव्हे. थोडीथोडकी मुले घरच्या घरी फळ्या करून खेळत राहिली. स्टीव्हन्सनने फळीचे मागचे टोक वर वळविण्याची कल्पना काढली आणि १९७१ मध्ये तिचे पेटंट मिळविले. त्या वेळी बाजारच नव्हता, म्हणून तिचे महत्त्व कोणाला कळले नाही. पुढे सबंध खेळ त्या वळलेल्या टोकावर उभा राहिला.

एका चाकाची कहाणी

१९७० मध्ये फ्रँक नॅसवर्दी हा तरुण व्हर्जिनिया राज्यातील पर्सेलव्हिल गावी एका प्लास्टिकच्या कारखान्यात गेला होता. तेथे पॉलियुरेथेन ह्या पदार्थाची पायस्केटची चाके पडून होती. पायस्केटच्या भाड्याच्या दालनांत नवशिक्यांसाठी ती केली होती. ती मऊ, जमिनीला धरून राहणारी, पण वेगाने न पळणारी असल्याने सराईत खेळाडूंना नको होती. नॅसवर्दीने ती आपल्या स्केटबोर्डला लावून पाहिली. एका खेळात जो दोष होता तोच दुसऱ्या खेळात गुण ठरला. चाक जमिनीला धरून राहू लागले, लहानसहान खडे त्याच्या मऊपणात सामावले जाऊ लागले आणि हादरेही नाहीसे झाले. तो कॅलिफोर्नियात आला आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी ‘कॅडिलॅक व्हील्स’ ह्या नावाने ही चाके विकू लागला.

त्यानंतर चाकात बंदिस्त बेअरिंग आली. पूर्वी सुट्या गोळ्या बसवाव्या लागत आणि त्या रस्त्यात सांडत. ८ मिलिमीटर भोक आणि २२ मिलिमीटर बाहेरचा व्यास असलेली, ‘६०८’ क्रमांकाची ती बेअरिंग आजही वापरात आहे. पॉलियुरेथेनचे चाक, बंदिस्त बेअरिंग आणि वर वळलेले टोक ही तीन अंगे एकत्र आली तेव्हा खेळाचे यंत्र पूर्ण झाले. आता प्रश्न उरला तो एकच : हे घेऊन जायचे कोठे?

कोरड्या हौदांचा काळ

१९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील डेल मार येथे मोठी स्पर्धा भरली. त्या वेळचे नामांकित खेळाडू फळीवर नाचावे तसे ताठ उभे राहून नेटक्या गिरक्या घेत. तेथे सँटा मोनिका भागातील ‘झेफर’ ह्या सर्फिंगच्या दुकानाचा संघ आला. टोनी अल्वा, जे ॲडम्स, स्टेसी पेराल्टा ही त्यातील मुले आणि पेगी ओकी ही एकच मुलगी. गुडघे वाकवून, जवळजवळ बसून, एक हात जमिनीला टेकवीत ती वळणे घेत. लॅरी बर्टलमन हा हवाईचा सर्फिंगपटू लाटेवर जसा खेळे त्याची ही नक्कल. गुण कसे द्यावेत हे परीक्षकांना उमगेना. खेळाची जुनी रीत त्या दिवशी म्हातारी झाली असे म्हणावयास हरकत नाही.

पुढच्याच काळात, १९७६-७७ मध्ये, कॅलिफोर्नियात तीव्र दुष्काळ पडला. पाण्याची काटकसर सुरू झाली आणि शेकडो घरांच्या मागे असलेले पोहण्याचे हौद कोरडे राहिले. हे हौद आपल्याकडील तलावांसारखे चौकोनी नव्हते. फिनलंडचा वास्तुशिल्पी अल्वार आल्टो ह्याने १९३९ मध्ये व्हिला मायरिया ह्या घरासाठी, आणि टॉमस चर्च ह्याने १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातील डॉनेल उद्यानासाठी, वेड्यावाकड्या कडांचे तलाव बांधले होते. त्यानंतर काजूगराच्या आकाराचे, तळाशी गोलाई असलेले हौद ही कॅलिफोर्नियातील सुखवस्तू घरांची शोभा होऊन बसली. त्या गोलाईचा उपयोग असा होईल हे कोणत्याही वास्तुशिल्पज्ञाच्या स्वप्नातही आले नसेल.

मुले कुंपणावरून उड्या मारून रिकाम्या हौदांत उतरू लागली. तळातून भिंतीकडे जाताना भिंत हळूहळू उभी होत जाते आणि वेगाने आलेली फळी तिच्यावर चढते. परत खाली येते ती दुप्पट उत्साहाने. झोपाळ्यावर उभे राहून झोका घेताना आपण योग्य क्षणी गुडघे वाकवितो आणि सरळ करतो, त्यामुळे कोणी ढकलले नाही तरी झोका वाढत जातो. हौदाच्या गोलाईतही हेच तत्त्व चालते. मुले प्रत्येक फेरीत थोडी अधिक वर जाऊ लागली. १९७७ च्या सुमारास टोनी अल्वा हौदाच्या काठापलीकडे हवेत गेला, फळी हाताने धरून वळला आणि पुन्हा भिंतीवर उतरला असे सांगतात. जमिनीवरचा खेळ आता हवेत गेला. ह्या सर्व काळात शेजाऱ्यांच्या तक्रारी आणि पोलिसांचे छापे चालूच होते, हे वेगळे सांगावयास नकोच.

व्यापाऱ्यांनी ही संधी हेरली. १९७६ च्या मार्च महिन्यात फ्लोरिडातील पोर्ट ऑरेंज आणि कॅलिफोर्नियातील कार्ल्सबॅड येथे सिमेंटची खास क्रीडांगणे सुरू झाली आणि पाहता पाहता देशभर तशी शेकडो उभी राहिली. खेळाडूंना वाटले, आता आपल्याला घर मिळाले. परंतु ते सुख फार टिकले नाही. मोडलेल्या हातापायांसाठी भरपाईचे दावे होण्याच्या भीतीने विमा कंपन्यांनी हप्ते भरमसाट वाढविले. १९८० च्या आसपास एकेका क्रीडांगणाला टाळे लागले आणि बहुतेकांवर बुलडोझर फिरला. युरोपात नॉर्वेने तर १९७८ मध्ये स्केटबोर्डवर सरसकट बंदी घातली. ती १९८९ पर्यंत टिकली. तेथील मुलांनी जंगलात, कोणाला दिसू नये अशा जागी, लाकडी उतार बांधून खेळ चालू ठेवला.

रस्ता हेच मैदान

क्रीडांगणे गेली, हौद पुन्हा भरले. उरला तो रस्ता. पण सपाट रस्त्यावर करावयाचे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर एका उडीने दिले. फ्लोरिडाच्या ॲलन गेलफंडने १९७८ च्या सुमारास सिमेंटच्या गोलाईत हात न लावता फळीसह उडण्याची युक्ती साधली होती. त्याच्या टोपणनावावरून तिला ‘ऑली’ म्हणतात. १९८२ च्या सुमारास रॉडनी मुलन ह्याने ती सपाट जमिनीवर करून दाखविली.

ह्या उडीचे शास्त्र समजून घेण्यासारखे आहे. फळी पायांना बांधलेली नसते, मग ती माणसाबरोबर वर येते कशी? खेळाडू मागच्या पायाने फळीच्या वळलेल्या टोकावर फटका मारतो. टोक जमिनीवर आपटते आणि पुढचे टोक वर उचलले जाते. त्याच क्षणी खेळाडू उडी घेतो आणि पुढचा पाय त्या खरखरीत कागदावरून पुढे घासत नेतो. घर्षणामुळे फळी वर आणि पुढे ओढली जाते, तिचा मागचा भाग उचलला जातो आणि हवेत ती सपाट होते. पाहणाऱ्याला वाटते की फळी तळव्याला चिकटली आहे. प्रत्यक्षात तेथे तरफ, घर्षण आणि क्षणाच्या अंशाचा मेळ, एवढेच आहे. स्टीव्हन्सनचे ते वळलेले टोक येथे कामास आले.

ह्या एका उडीने शहराचा अर्थच बदलला. फुटपाथची कड, चार पायऱ्या, बसण्याचे बाक, जिन्याचा लोखंडी कठडा ह्या सर्व वस्तू आता खेळाची साधने झाल्या. मार्क गोन्झालेस, नॅटस कौपस ह्यांच्यासारख्या तरुणांनी १९८० च्या दशकात रस्त्यावरच्या ह्या शैलीला आकार दिला. ज्यांना कोठेच जागा नव्हती त्यांना सगळीकडेच जागा दिसू लागली.

शिकविणारा गुरू अर्थातच कोणी नव्हता. १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून ‘थ्रॅशर’ मासिक निघू लागले. १९८४ मध्ये पेराल्टाच्या कंपनीने आपल्या खेळाडूंची व्हिडिओ चित्रफीत काढली आणि त्यानंतर अशा फितींचा ओघ सुरू झाला. गावोगावची मुले फीत मागे-पुढे करीत एकेक हालचाल दहा-दहा वेळा पाहत आणि बाहेर जाऊन पडत-धडपडत ती जमवीत. एखाद्या नव्या युक्तीचा प्रसार नियमपुस्तिकेने झाला नाही. तो पाहण्याने आणि करण्याने झाला. संगीतातील घराण्याची तालीम गुरूसमोर बसून होते. येथे गुरू पडद्यावर आणि शिष्य रस्त्यावर, पण ‘पाहा आणि कर’ ही रीत तीच.

जागा कोणाची?

ह्या ठिकाणी दुसरी बाजूही मांडली पाहिजे. धातूचा आस संगमरवराच्या कडेवरून घासला की कड झिजते, तुटते. चालणाऱ्या वृद्ध माणसाला भरधाव फळीचा धक्का लागला तर तो खेळ राहत नाही. सार्वजनिक वास्तूंची देखभाल ज्यांना करावी लागते त्यांची तक्रार खोटी म्हणता येणार नाही. त्यांनी कडांवर लोखंडी खुंट्या बसविल्या, पाट्या लावल्या, दंड आकारले. प्रश्न एवढाच की हाकलून दिलेल्या मुलांनी जावे कोठे, ह्याचे उत्तर त्यांपैकी फारच थोड्यांनी दिले.

काही ठिकाणी ते उत्तर खेळाडूंनी स्वतः शोधले. १९९० मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड शहरात बर्नसाइड पुलाखालच्या ओसाड, बदनाम जागेत काही तरुणांनी परवानगी न घेताच सिमेंट कालवून उतार बांधावयास सुरुवात केली. जागेचा कायापालट झालेला पाहून पुढे नगरपालिकेनेच त्याला संमती दिली. लंडनमध्ये टेम्स नदीच्या काठी क्वीन एलिझाबेथ हॉलच्या तळघरवजा मोकळ्या जागेत १९७० च्या दशकापासून मुले खेळत आली होती. २०१३ मध्ये तेथे दुकाने काढण्याची योजना पुढे आली, तेव्हा खेळाडूंनी सह्यांची आणि लेखी हरकतींची मोठी मोहीम उभारली. २०१४ मध्ये तडजोड होऊन जागा वाचली, इतकेच नव्हे तर २०१९ मध्ये तिचा बुजविलेला काही भाग पुन्हा खुला झाला.

फिलाडेल्फियाची हकीकत सर्वांत बोलकी आहे. तेथील ‘लव्ह पार्क’ नावाचा ग्रॅनाइटचा चौक स्केटबोर्डच्या जगात तीर्थक्षेत्रासारखा प्रसिद्ध होता. नगरपालिकेने तेथे खेळण्यास बंदी केली. त्या चौकाची मूळ कल्पना ज्यांची, ते नगररचनाकार एडमंड बेकन २००२ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी, डोक्यावर शिरस्त्राण घालून तेथे आले आणि दोन्ही बाजूंनी आधार घेत, बंदी मोडून, स्केटबोर्डवरून थोडे अंतर गेले. आपण आखलेल्या जागेचा तरुणांनी असा उपयोग केला ह्याचा त्यांना आनंदच वाटत होता. बंदी उठली नाही. पण शहराची जागा आखणारा आणि ती वापरणारा ह्यांच्यातील नात्याविषयी ह्या घटनेने जे सांगितले, ते नगररचनेच्या पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही.

कायद्याचाही उपयोग झाला. कॅलिफोर्नियाने १९९७ मध्ये स्केटबोर्डला जोखमीच्या खेळांच्या यादीत घातले. त्यामुळे चौदा वर्षांवरील खेळाडूला इजा झाली तर नगरपालिकेवर येणारी भरपाईची जबाबदारी बरीच मर्यादित झाली. ज्या भीतीने वीस वर्षांपूर्वी क्रीडांगणे पाडली, ती भीती कमी होताच सार्वजनिक क्रीडांगणे पुन्हा बांधली जाऊ लागली.

ऑलिंपिकच्या अंगणात

१९९५ मध्ये अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी कंपनीने ‘एक्स गेम्स’ ही स्पर्धा सुरू केली आणि खेळ घरोघरी पोहोचला. २७ जून १९९९ रोजी टोनी हॉक ह्याने हवेत अडीच गिरक्या घेऊन सुखरूप उतरून दाखविले. ठरलेली वेळ संपून गेली होती, तरी प्रतिस्पर्धी आणि प्रेक्षक त्याला उत्तेजन देत थांबले होते. ऑगस्ट २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने स्केटबोर्डला मान्यता दिली.

सर्वच खेळाडूंना ह्याचा आनंद झाला नाही. ऑलिंपिकमध्ये आमचा खेळ नको, असे सह्यांचे निवेदनही निघाले. त्यांचा आक्षेप समजून घेतला पाहिजे. गणवेश, शिक्षक, गुणपत्रिका आणि राष्ट्रध्वज आले म्हणजे शिस्त येते, पैसा येतो. पण ‘असेही करून पाहू’ ही मोकळीक कमी होते. आपल्या खो-खोनेही हा टप्पा पाहिला आहे. अंगणातल्या त्या खेळाचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात १९१४ च्या सुमारास बांधले गेले. त्यामुळे सामने शक्य झाले, आणि गल्लीगणिक वेगळे असलेले प्रकार मागे पडले. लाभ आणि हानी एकाच हाताने मिळतात.

टोकियोत काय घडले? खेळाचे दोन प्रकार ठरविण्यात आले : ‘पार्क’ आणि ‘स्ट्रीट’. पार्क म्हणजे कोरड्या हौदाची सुबक प्रतिकृती. स्ट्रीट म्हणजे मुद्दाम बांधलेल्या पायऱ्या, कडा आणि कठडे. ज्या दोन जागांतून मुलांना शिट्ट्या फुंकून पळविले जात होते, त्याच दोन जागा लाखोंच्या खर्चाने बांधून जगाला दाखविण्यात आल्या. ह्याहून मोठा मान कोणता, आणि ह्याहून मोठा उपरोध तरी कोणता?

पुरुषांच्या स्ट्रीट प्रकारात युतो होरिगोमे ह्याने सुवर्णपदक मिळविले आणि २०२४ मध्ये पॅरिसला ते राखले. महिलांच्या स्ट्रीट प्रकारात मोमिजी निशिया ही तेरा वर्षांची मुलगी पहिली आली. पार्क प्रकारात रौप्यपदक मिळविणारी कोकोना हिराकी बारा वर्षांची होती. परंतु लोकांच्या लक्षात राहिला तो पदकाशी संबंध नसलेला प्रसंग. जपानचीच मिसुगु ओकामोटो सुवर्णपदकाच्या आशेने शेवटच्या फेरीत अवघड युक्ती करू गेली, पडली आणि चौथी आली. डोळे पुसत ती बाहेर येताच इतर देशांच्या प्रतिस्पर्धी मुलींनी तिला खांद्यावर उचलून घेतले. न जमणारी गोष्ट करून पाहणाऱ्याचा सन्मान करावा, हा रस्त्यावरचा जुना संस्कार. तो ऑलिंपिकच्या अंगणातही विसरला गेला नाही.

नव्या भूमी

ह्या खेळाचे आणखी एक वैशिष्ट्य असे की तो नवा असल्यामुळे तो कोणाचा, हे रूढीने ठरविलेले नसते. ऑलिव्हर पर्कोव्हिच ह्या ऑस्ट्रेलियन तरुणाला २००७ मध्ये काबूलमध्ये हे जाणवले. तेथे मुलींनी सायकल चालविणे लोकांना मान्य नव्हते. स्केटबोर्डविषयी मात्र कोणी काही ठरविलेलेच नव्हते. त्याने काढलेल्या ‘स्केटिस्तान’ संस्थेच्या वर्गांत मुली खेळू लागल्या आणि जोडीने शिकूही लागल्या. त्यांच्यावरील माहितीपटाला २०२० मध्ये ऑस्कर पारितोषिक मिळाले. २०२१ मध्ये सत्तांतर झाल्यावर तेथील काम थांबवावे लागले, हे दुःखाने नोंदविले पाहिजे.

मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचे लहानसे गाव आहे. तेथे उलरिके राइनहार्ड ह्या जर्मन महिलेच्या पुढाकाराने २०१५ मध्ये सिमेंटचे स्केटबोर्ड क्रीडांगण झाले. नियम दोनच : शाळेत न जाणाऱ्याला फळी मिळणार नाही, आणि पहिली पाळी मुलींची. गोंड आणि यादव वस्त्यांतील मुले तेथे एकत्र खेळू लागली. त्याच गावची आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधील नानजिंगच्या जागतिक स्पर्धेत भारताकडून उतरली. २०२२ मध्ये गुजरातेत भरलेल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत स्केटबोर्डचा समावेश झाला आणि पुण्याच्या श्रद्धा गायकवाड हिने महाराष्ट्रासाठी सुवर्णपदक जिंकले.

उपसंहार

स्केटबोर्डच्या इतिहासातून दोन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा, की शोध नेहमी प्रयोगशाळेतच लागतात असे नाही. पायस्केटचा शंभर वर्षांपूर्वीचा सांगाडा, नको म्हणून पडून असलेली चाके, दुष्काळाने कोरडे पडलेले हौद आणि कोणाच्याही खिजगणतीत नसलेल्या पायऱ्या ह्यांच्याकडे निराळ्या नजरेने पाहणारे पंधरा-सोळा वर्षांचे डोळे हेच येथे संशोधक होते.

दुसरा निष्कर्ष अधिक जवळचा आहे. आज आपल्या शहरांत वसाहती वाढत आहेत आणि मोकळी मैदाने आक्रसत आहेत. जेथे जागा उरली आहे तेथे ‘येथे खेळू नये’ अशी पाटी सर्वांत आधी लागते. बंदीने खेळ मरत नाही हे ह्या इतिहासाने दाखविले; परंतु बंदीच्या काळात किती मुले जायबंदी झाली आणि किती जणांनी खेळ सोडला, ह्याची नोंद कोणी ठेवली नाही. खेळाडूंची जिद्द ही नगरपालिकेच्या हलगर्जीपणाला सबब होऊ शकत नाही. जनवारसारख्या खेड्यात सिमेंटच्या एका तुकड्याने आणि दोन नियमांनी जे साधले, ते साधण्यासाठी फार मोठा पैसा लागत नाही. मुलांनी कोठे खेळू नये हे सांगण्याआधी कोठे खेळावे हे सांगण्याची जबाबदारी मोठ्यांनी उचलावी, एवढेच लागते.